सायकल उसनी चालेल: एमटीबी नसताना ऑफ-रोड ट्रायथलॉन

प्रश्न असा आला आहे: "पुण्यात राहते. ऑलिम्पिक अंतराच्या दोन ट्रायथलॉन झाल्या आहेत, पोहणं-पळणं बरं आहे. घरी एक रोड बाइक आणि एक जुनी हायब्रिड आहे. आता ऑफ-रोड ट्रायथलॉन करून बघायची आहे, पण एमटीबी नाही. साठ-सत्तर हजार घालून आधी एमटीबी घ्यावी का? की हायब्रिडवर भागेल?"

ट्रायथलॉन म्हणजे एकापाठोपाठ पोहणं, सायकल आणि पळणं; ऑफ-रोडमध्ये सायकल आणि पळणं मातीच्या वाटांवर होतं. एमटीबी म्हणजे त्या वाटांची माउंटन बाइक, आणि हायब्रिड म्हणजे रोड बाइक आणि एमटीबी यांच्या मधली सायकल. तर एमटीबी आत्ताच घेऊ नका, आणि शर्यतीला हायब्रिडही नेऊ नका. पहिली शर्यत उसन्या किंवा भाड्याच्या एमटीबीवर करा. तोवर जे शिकायचं त्यातलं बरंचसं घरच्या हायब्रिडवर शिकता येतं. डांबरावरून मातीत आलेली पुष्कळ माणसं मी जवळून पाहिली आहेत. सायकल स्वस्तातली होती म्हणून अडलेला क्वचितच दिसला. अडतात ते उतारावर ब्रेक आवळून बसलेल्या बोटांमुळे, आणि ती बोटं महागड्या सायकलवरही तशीच आवळलेली राहतात.

हायब्रिडचं आधी मिटवू. वर्ल्ड ट्रायथलॉन या खेळाच्या जागतिक संघटनेच्या नियमावलीत या प्रकाराला क्रॉस ट्रायथलॉन म्हणतात. तिथे चाक २६ ते २९ इंची हवं आणि टायर किमान दीड इंच रुंद, म्हणजे साधारण ३८ मिलिमीटर. रोड बाइकचं खाली वळलेलं हँडल चालत नाही, त्यामुळे जाड टायरची पण तसंच हँडल असलेली ग्रॅव्हल बाइकही तिथेच बाद. आता तुमच्या हायब्रिडचं ७०० सी चाक आणि एमटीबीचं २९ इंची चाक, दोन्हींच्या रिमचं माप एकच असतं: ६२२ मिलिमीटर. फ्रेममध्ये ४० मिलिमीटरचा टायर मावला तर कागदावर हायब्रिड पास होऊ शकते. पण हायब्रिडचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, उभा असतो, हँडल अरुंद असतं, आणि उतारावर वजन जरा पुढे गेलं की ती नाक टेकते. घाबरत घाबरत पूर्ण कराल कदाचित, पण पुन्हा मातीकडे फिरकणार नाही. शिवाय स्थानिक आयोजकांचे नियम वेगळे असू शकतात, तेव्हा नाव नोंदवण्याआधी सायकलचा नियम लेखी विचारून घ्या.

या खेळाचा सगळ्यात ओळखीचा चेहरा म्हणजे एक्सटेरा ही शर्यतींची मालिका. १९९६ मध्ये हवाईतल्या माउई बेटावर पहिली शर्यत झाली, तेव्हा तिचं नाव अ‍ॅक्वाटेरा होतं. पूर्ण अंतर साधारण दीड किलोमीटर पोहणं, ३० किलोमीटरच्या आसपास एमटीबी आणि १० किलोमीटर ट्रेलवर, म्हणजे मातीच्या पायवाटेवर, पळणं. 'साधारण' आणि 'आसपास' हे शब्द इथे मनापासून घ्यायचे. डोंगर असेल तशी शर्यत असते, आणि २२ किलोमीटरची एमटीबी ३० किलोमीटरच्या एमटीबीपेक्षा जास्त वेळ खाऊ शकते. रोडवरचे वेळेचे हिशेब घरी ठेवून या. पहिल्याच वर्षी महिलांमध्ये जिंकली मिशेली जोन्स. ती मुळात रोड ट्रायथलॉनवाली, पुढे २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये तिने रौप्यपदक मिळवलं. पुरुषांमध्ये १९९८ आणि १९९९ ला जिंकला नेड ओव्हरेंड, जो १९९० चा एमटीबी जगज्जेता, वय चाळिशीच्या पुढे. बर्म्युडाची फ्लोरा डफी २०१४ ते २०१७ सलग चार वेळा एक्सटेराची जगज्जेती झाली आणि नंतर टोकियोत ऑलिम्पिक ट्रायथलॉनचं सुवर्णपदक घेऊन गेली. म्हणजे दोन्ही दारांनी माणसं येतात-जातात. तुम्ही रोडच्या दाराने येताय, तर पाण्यात आणि पायात तुमच्याकडे आधीच भांडवल आहे.

आपल्याकडे रोड ट्रायथलॉन आता बऱ्यापैकी रुजली आहे. गोव्यात २०१९ ला आयर्नमॅन ७०.३ ही लांब पल्ल्याची ट्रायथलॉन सुरू झाली आणि तिने अनेक मराठी माणसांना पोहायला लावलं. ऑफ-रोडची शर्यत मात्र अजून शोधावी लागते. बऱ्याच जणांची पहिली एक्सटेरा परदेशात होते. एमटीबी न घेण्याचं हे आणखी एक कारण. विमानातून सायकल न्यायची म्हणजे पेटी, जादा सामानाचे पैसे, आणि पोचल्यावर वाकलेला डिरेल्युअर हँगर, म्हणजे मागचे गिअर बदलणारा डिरेल्युअर जिथे लटकतो तो फ्रेमवरचा तुकडा. स्वतःची सायकल असलेलेही म्हणूनच शर्यतीच्या गावी भाड्याने घेतात. फक्त नाव नोंदवल्याच्या आठवड्यातच सायकलही राखून ठेवा. तुमच्या मापाची फ्रेम शेवटच्या आठवड्यात उरलेली नसते.

तयारीला पुण्याचं हवामान सोयीचं आहे, उलट्या अर्थाने का होईना. पावसाळ्यात टेकड्यांवर सायकल नेऊच नये. काळी माती टायरला अशी चिकटते की दहा मिनिटांत चाक फ्रेममध्ये फिरेनासं होतं, आणि ओल्या पायवाटेवर पडलेल्या चाकोऱ्या पुढचं वर्षभर चालणाऱ्यांना त्रास देतात. जून ते सप्टेंबर तलावात पोहा आणि टेकडीवर पळा. ऑक्टोबरात जमीन सुकली की उसन्या सायकलची वेळ.

पळण्याबद्दल एकच गोष्ट सांगतो, पण ती पाळा. ऑफ-रोड ट्रायथलॉनचं पळणं डांबरावरच्या १० किलोमीटरसारखं नसतं. चढ असे असतात की पळणाऱ्यालाही चालावं लागतं, आणि जो नीट चालतो तो पुढे जातो. सिंहगडाची पायवाट यासाठी आयती शाळा आहे. वर जाताना न थांबता, हात मांडीवर टेकवून, छोटी पावलं टाकत चाला. खाली येताना पळा, पण पाऊल पुढे फेकून टाच आपटू नका. पावलं छोटी आणि भराभर, नजर चार-पाच पावलं पुढे. उतारावर पळताना जी नजर तयार होते तीच पुढे सायकलवर कामाला येते, म्हणून पावसाळ्यातले हे महिने वाया जात नाहीत.

पोहणं तुमचं बरं आहे, तेव्हा तिथे वेळ घालवू नका. दर सहा-आठ स्ट्रोकनंतर डोळे पाण्याबाहेर काढून दिशा बघायची सवय तलावातच लावा. धरणाच्या पाण्यात एकटीने कधीही उतरू नका. खडकवासल्यात दरवर्षी माणसं बुडतात आणि त्यातल्या कित्येकांना पोहता येत असतं. मोकळ्या पाण्याचा अनुभव हवा तर मालवणला चिवला किनाऱ्यावर हिवाळ्यात सागरी जलतरण स्पर्धा होते, तिथे जा. सुरक्षेच्या होड्या असतात आणि जेवण मालवणी असतं.

आता हायब्रिड. हिच्यावर दोन प्रकारचं काम करायचं. एक, कच्चा रस्ता: कालव्याकडेचे रस्ते, सासवडच्या बाजूला गावागावांना जोडणारे मुरमाचे रस्ते. मावेल तेवढा रुंद टायर टाका, हवा रोडपेक्षा बरीच कमी ठेवा, आणि हाताखाली सायकल थोडी नाचते, घसरते, ती नाचू द्यायची सवय करा. रोडवाल्यांचं पहिलं आजारपण म्हणजे सायकल जरा हलली की हँडल आवळणं. हात सैल ठेवले की पुढचं चाक आपली वाट आपण शोधतं.

दोन, मैदान. शाळेचं मैदान किंवा रिकामा प्लॉट, अर्धा तास पुरतो. थोडी फक्की घेऊन जा आणि जमिनीवर एक रेष मारा. वेगात येऊन रेषेवर फक्त मागचा ब्रेक दाबा. चाक लॉक होईल, सायकल घसरत लांबवर जाईल. जिथे थांबली तिथे खूण करा. मग तोच वेग, पण पुढचा ब्रेक एका बोटाने, हळूहळू वाढवत, त्याच वेळी कंबर मागे आणि टाचा खाली. जवळजवळ निम्म्या अंतरात थांबाल. बहुतेकांना लहानपणी सांगितलेलं असतं की पुढचा ब्रेक दाबला की माणूस उलटा पडतो, म्हणून ते आयुष्यभर मागच्यावरच भागवतात. मातीत ते भागत नाही. पुढचा ब्रेक एकदम आवळला तर उलटाल, हे खरं. हळूहळू दाबला तर तोच तुम्हाला थांबवतो. ही दोन खुणांमधली जागा स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणाला पटत नाही, म्हणून फक्की.

त्याच मैदानात पाण्याच्या दोन बाटल्या तीन-चार मीटरवर ठेवा आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढत फिरा. नजर बाटलीवर नको, वळून जिथे जायचं तिथे. मग एक वीट आडवी ठेवून पुढचं चाक तिच्यावरून उचलायला शिका: हात वाकवून वजन खाली, मग मागे सरकत हँडल ओढायचं. कासवाच्या गतीने, पाय न टेकता सायकल चालवणं हाही खेळ करा. मुलं गोळा होतात आणि तुमच्यापेक्षा चांगलं करून दाखवतात. त्यांच्याकडे बघून शिका, लाजू नका.

रोड बाइकलाही काम आहे. एमटीबीचा जोर डांबरासारखा एकसारखा लागत नाही. वीस सेकंद जीव तोडून, मग दहा सेकंद नुसतं सावरणं, परत जोर. ट्रेनरवर (घरात सायकल जागेवर चालवायच्या स्टँडवर) किंवा घाटात ३० सेकंद जोरात, ३० सेकंद सैल असे संच आठवड्यातून एकदा करा, आणि एकदा जड गिअरवर बसून चढा. उभं राहून चढायची रोडची सवय मातीत घात करते: मागच्या चाकावरचं वजन गेलं की ते जागच्या जागी गरगरतं. सीटच्या नाकावर सरकून, छाती खाली, कोपरं खाली, बसूनच चढायचं.

उसनी सायकल कुणाकडून घ्यायची? पुण्यात एमटीबी घेऊन गॅलरीत वाळत घातलेली माणसं पोत्याने सापडतील. तुमच्या उंचीचा माणूस शोधा. सायकल कितीही भारी असली तरी एक माप मोठी असेल तर नको म्हणा. आधीच बोलून घ्या की हँगर वाकला, टायर फाटला, ब्रेकची डिस्क वाकडी झाली तर खर्च तुमचा. परत देताना धुऊन, चेन साफ करून, तेल घालून द्या. धुताना गाड्या धुण्याचा प्रेशर पंप बेअरिंगवर मारू नका, नाहीतर मैत्री जाईल. कुणी आपली 'एमटीबी दिसणारी' सायकल देऊ केली, मागे-पुढे स्प्रिंगा, जाडजूड टायर आणि वजन १८ किलो, तर आभार मानून सोडून द्या. तिच्यापेक्षा साधी हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन आणि हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, कधीही बरी.

सायकल हातात आली की चढण्याआधी चार गोष्टी बघा. सगळ्यात आधी कोणता लिव्हर कोणत्या चाकाचा. इंग्लंडात उजवा हात पुढचा ब्रेक, युरोपच्या मुख्य भूमीवर आणि अमेरिकेत डावा. आपल्याकडे दोन्ही प्रकारच्या सायकली फिरतात. जागेवर उभं राहून लिव्हर दाबून सायकल ढकलून बघा, कारण घाबरलेला हात सवयीनेच चालतो आणि उतारावर सवय चुकीची निघाली तर सायकल राहते मागे आणि माणूस जातो पुढे. तुम्हाला उलटं जुळत नसेल तर दुकानदाराला लिव्हर बदलून मागा.

दुसरं, हवा. भाड्याच्या दुकानात पंक्चर नको म्हणून ४०-५० पीएसआय भरून ठेवतात. ६०-७० किलोच्या माणसाला सव्वादोन इंची टायरमध्ये, ट्यूब असेल तर २५ ते २८ पीएसआय पुरे. आपल्या टेकड्यांवर घट्ट जमिनीवर सुटा मुरूम पसरलेला असतो, गोट्यांवरून चालल्यासारखा. टणक फुगलेला टायर त्याच्यावर टिकतच नाही. ट्यूबमध्ये फारच कमी हवा ठेवली तर मात्र दगडावर ट्यूब रिममध्ये चेमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. बाभळीच्या काट्यांचं वेगळंच. दोन ट्यूब जवळ ठेवा, आणि नवीन ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढा, नाहीतर दुसरीही जाईल. शर्यतीत पंक्चर स्वतःलाच काढावं लागतं, तेव्हा घरी हात बसवून जा.

तिसरं, सीट. तुमच्या रोड बाइकवर, पॅडलचे दांडे ज्याच्याभोवती फिरतात त्या क्रँकच्या मध्यापासून सीटच्या वरपर्यंतचं अंतर टेपने मोजून मोबाइलमध्ये लिहून ठेवा. कोणतीही परकी सायकल त्या मापाच्या एखादा सेंटिमीटर खाली लावली की पाय लगेच ओळखतात. पहिल्या काही वेळा उतार शिकताना सीट चांगली पाच-सात सेंटिमीटर खाली घाला. पोट सीटवर आपटण्याची भीती गेली की शरीर आपोआप मोकळं होतं.

चौथं, पॅडल, आणि इथे नवख्यांची चैन आहे. बूट पॅडलला अडकवणाऱ्या क्लिपच्या भानगडीत पडू नका. सपाट पॅडल आणि पायात ट्रेल रनिंगचे बूट. सिंगलट्रॅकवर, म्हणजे एकच सायकल मावेल अशा वाटेवर, अडखळलात तर पाय लगेच जमिनीवर, ढकलायचं असेल तर बुटाला पकड आहे, आणि सायकल ठेवून पळायला निघताना बूट बदलायचेच नाहीत. हेल्मेट काढलं की निघा. स्वतःची सपाट पॅडल सोबत न्यायची असतील तर नेता येतात, चांगल्या सायकलींना आटे सगळीकडे एकाच मापाचे असतात. डावं पॅडल उलट्या आट्यांचं असतं एवढं लक्षात ठेवा. बाटल्या दगडांवर उडून पडतात आणि हँडल सोडून पाणी प्यायला हात मोकळा मिळत नाही, म्हणून पाठीवरची पाण्याची पिशवी घ्या.

सराव कुठे? वेताळ टेकडी आणि तळजईवर पहाटे चालणाऱ्यांची गर्दी असते आणि वनखात्याच्या जागेवर सायकलचे नियम बदलत राहतात, तेव्हा पाटी वाचा, चौकशी करा. एनडीए या लष्करी प्रबोधिनीच्या हद्दीत अजिबात घुसू नका. बोपदेव घाटाच्या बाजूला वाटा आहेत. आधी जाणत्या माणसासोबत जा. उतारावरचं सूत्र साधं आहे: दोन्ही पॅडल आडव्या रेषेत, सीटवरून उठलेलं, कोपरं बाहेर, प्रत्येक ब्रेकवर एकच बोट. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. मुरमावर वळणात दाबलेला ब्रेक म्हणजे कोपराची साल गेलीच.

आणि ढकलायची लाज सोडा. क्रॉस ट्रायथलॉनमध्ये सायकल ढकलत किंवा खांद्यावर घेऊन चालणं नियमात बसतं. जो उतार पायी उतरावासा वाटतो तो पायी उतरा; पण उतरायचं ते आधी ठरवून, उताराच्या मध्यावर घाबरून नाही. बहुतेक पडझड त्या अर्धवट निर्णयात होते. शर्यतीत एक शिष्टाचार मात्र जपा. तुम्ही पोहण्यात पुढे निघाल आणि सिंगलट्रॅकवर मागून एमटीबीवाले येऊन अडकतील. मागून आवाज आला की रुंद जागा बघून बाजूला व्हा, दोन सेकंदांचं काम. तेच लोक पळताना तुम्हाला चढावर पुन्हा भेटणार आहेत.

शर्यतीच्या आधी निदान एकदा मार्ग फिरून बघा, निदान सायकलचा अवघड भाग तरी. दोन दिवस आधी पोचणं जमत नसेल तर ती शर्यत पहिली म्हणून घेऊ नका. स्प्रिंट, म्हणजे छोटं अंतर असेल तर तेच घ्या. रिले असेल तर पहिल्या वर्षी सायकलचा भाग तुम्ही घ्या आणि पोहणं-पळणं दुसऱ्याला द्या. सगळे उलटं करतात, जे येतं तेच परत करतात.

हे सगळं करून मजा आली, आणि सायकल मालक परत मागायला लागला, तर मग घ्या तुमची एमटीबी. तेव्हा तुम्हाला कळलेलं असेल की किती इंची चाक बरं वाटतं, कोणतं माप बसतं, चालवतानाच सीट खाली-वर करणारा ड्रॉपर हवा की नको. साठ-सत्तर हजारांत नव्यापेक्षा जुनी, दुसऱ्या हाताची, चांगल्या भागांची हार्डटेल जास्त देऊन जाते. बघायला जाताना फ्रेमच्या जोडांवर रंगात बारीक चीर आहे का ते बघा, फोर्कच्या चकचकीत नळ्यांवर नखाने ओरखडे तपासा, पुढचा ब्रेक धरून सायकल पुढे-मागे हलवली की हेडसेट (हँडल फिरतं तिथलं बेअरिंग) खटखटतो का ते ऐका. शेवटी मागे उभं राहून, एक डोळा मिटून बघा: डिरेल्युअरच्या दोन्ही चक्र्या कॅसेटच्या, म्हणजे मागच्या चाकाच्या गिअरच्या चकत्यांच्या, दात्यांच्या सरळ रेषेत खाली लोंबत असतील तर हँगर सरळ आहे. आत वळलेल्या असतील तर मालकाला दाखवा आणि किंमत खाली आणा.